चिठ्ठी त्यांची, अक्षरे त्यांची, कपात आपली



मागच्या महिन्यात भाच्याकडे अंबरनाथला जाणे झाले. पोरगा बी.एस्सी. झाला, दोन वर्षे घरच्या कोरडवाहू वावरात पऱ्हाटीशी झुंजला, आणि शेवटी तिथल्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. आपल्या गावागावांतून असा एखादा पोरगा त्या पट्ट्यात गेलेला आहे, तेव्हा त्याची कहाणी सांगत बसत नाही. सांगायचे आहे ते माझ्या पिशवीतल्या कागदाचे. माती तपासणीची चिठ्ठी. तीन हंगाम झाले, पीकविम्याच्या कागदांत घडी घालून ठेवलेली. म्हटले, पोरगा रोज असल्या चिठ्ठ्या करतो, त्याच्याकडून एकदा वाचून घ्यावी.

त्याने चिठ्ठी पाहिली, उलटवून मागची बाजू पाहिली आणि म्हणाला, "मामा, हा कागद घेऊन आमच्या फाटकावर ड्रम आले असते, तर आम्ही ते उतरवूनच घेतले नसते."

मला राग आला. कागदावर शिक्का होता, सही होती, पैसे भरल्याची पावती टाचलेली होती. आणखी काय पाहिजे? तेव्हा त्याने चिठ्ठीतल्या एका ओळीवर बोट ठेवले. 'पी – १८'. बस्स, एवढेच. पी म्हणजे फॉस्फरस, आपले स्फुरद, हे मलाही ठाऊक होते. पण अठरा काय?

अठरा किलो हेक्टरी असेल, तर जमिनीत स्फुरद मध्यम. अठरा पीपीएम असेल, म्हणजे दहा लाख भाग मातीत अठरा भाग, तर हेक्टरी किलो काढायला त्याला २.२४ ने गुणावे लागते, कारण एक हेक्टरची वीतभर खोलीची माती साधारण साडेबावीस लाख किलो भरते. उत्तर येते चाळीस किलो. म्हणजे स्फुरद भरपूर, थैली विकत घेऊच नका. आणि तो आकडा निव्वळ स्फुरदाचा नसून खताच्या थैलीवर असतो तसा 'पी-टू-ओ-फाइव्ह'चा, म्हणजे स्फुरद अधिक प्राणवायू असा जोड हिशेब असेल, तर त्याला २.२९ ने भागायचे. उरते आठ किलोच्या आत. म्हणजे जमीन स्फुरदाला उपाशी.

एकच अठरा. एका वाचनात जमीन उपाशी, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात तुडुंब. यातले खरे कोणते, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नाही. प्रयोगशाळा कुठली, ते इथे महत्त्वाचे नाही. तुमच्या घरातल्या चिठ्ठ्या काढा आणि पाहा.

भाच्याच्या कारखान्यात कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेबरोबर एक कागद येतो. त्याला ते लोक 'सीओए' म्हणतात, विश्लेषणाचा दाखला. त्यात काय तपासले, कोणत्या पद्धतीने तपासले, मर्यादा किती आणि निघाले किती, एवढे लिहिलेले असते. आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याचे एकक. एकक नसेल तर तो आकडाच नाही. माल फाटकाबाहेर उभा राहतो आणि विकणारा धावत येतो. गंमत अशी की त्यांच्यातही घोळ होतात. 'एलओडी' ही तीन अक्षरे एका कागदावर 'सुकवल्यावर घटलेले वजन' या अर्थी येतात आणि दुसऱ्यावर 'उपकरणाला ओळखता येणारे कमीत कमी प्रमाण' या अर्थी. म्हणून तिथे नियम असा, की संक्षेप वापरायचा तर त्याचा पूर्ण अर्थ आधी त्याच कागदावर द्यायचा. शिकलेल्या, पगारी, पांढरे कोट घातलेल्या माणसांसाठी हा नियम आहे. शेतकऱ्यासाठी नाही. शेतकऱ्याला म्हणायचे, अडाणी आहे, शास्त्र मानत नाही, माती तपासत नाही.

माती तपासा, माती तपासा हा घोष आपण ऐकत आलो. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला मृदा आरोग्यपत्रिकेची योजना सुरू झाली. बारा गोष्टी तपासायच्या. सामू म्हणजे पीएच, ईसी, सेंद्रिय कर्ब, मग नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पुढची सूक्ष्म द्रव्ये. कल्पना वाईट नव्हती. पण नमुना घ्यायचा नियम काय होता? बागायतात अडीच हेक्टरला एक नमुना, आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्याकडे पंचवीस एकरांत एका धुऱ्याला मुरूम, दुसऱ्या धुऱ्याला काळी कसदार, मध्ये चिबड, आणि मालक सात. त्या सातांच्या हाती एकाच मातीचा निकाल. बागायतदाराच्या मातीला तरी थोडी ओळख. कोरडवाहूच्या मातीला तेवढीही नाही.

त्या पत्रिकेवर एकके छापलेली असतात, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण छापलेले एकक आपल्या हिशेबात बसते का? नत्र-स्फुरद-पालाश 'किलो प्रति हेक्टर', आणि आपण पेरतो, विकतो, भांडतो ते सगळे एकरात. शिफारस समजा हेक्टरी साठ किलो नत्राची आहे. युरियात नत्र शेकडा ४६. म्हणजे हेक्टरी १३० किलो युरिया, एकरी ५२ किलो, म्हणजे ४५ किलोची एक थैली आणि वर थोडा. ते 'हेक्टर' नजरेतून सुटले, तर तोच माणूस एकरी १३० किलो, म्हणजे जवळजवळ तीन थैल्या ओततो. पऱ्हाटी माजते, पाने लुसलुशीत होतात, मावा-तुडतुडा तुटून पडतो, आणि मग फवारणी. एका अक्षराने खताची उधारी वाढवली आणि वर औषधाचीही.

अक्षरांचे म्हणाल तर लहान-मोठेही पाहावे लागते. लहान एम, लहान जी म्हणजे मिलिग्रॅम, एका ग्रॅमचा हजारावा भाग. त्यातला एम मोठा झाला की ते मॅग्नेशियम. नुसता मोठा के म्हणजे पालाश, लहान के म्हणजे हजारपट. लोहाला 'एफई' आणि तांब्याला 'सीयू' का, तर ती नावे लॅटिन भाषेतून आली, इंग्रजीतूनसुद्धा नाहीत. आणि सामूचा 'पीएच' १९०९ मध्ये कोपनहेगनला सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने काढला, तो बिअर गाळणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. बिअर चांगली उतरावी म्हणून काढलेले माप आज आपल्या काळ्या मातीला लागते. लागो बापडे, माप चांगले आहे. फक्त एवढे कोणी सांगत नाही की त्यात सातावरून आठावर जाणे म्हणजे एका पायरीची वाढ नव्हे, दहापट फरक. साडेसात आणि साडेआठ हे आकडे शेजारी-शेजारी दिसतात. जमिनी मात्र शेजारच्या नसतात.

मातीचे एवढे पुरे. आता कापसाकडे येऊ, कारण तिथे रोकडा हिशेब आहे.

२०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाली. ती कशी मिळते? ओलावा आठ टक्के धरून. त्यावर प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात, म्हणजे क्विंटलमागे ८१ रुपये. बारा टक्क्यांच्या वर कापूस परत. गाडीत मीटरची दांडी खुपसतात, आकडा उमटतो, कपात लिहिली जाते. टक्का म्हणजे टक्का, त्यात काय कळायचे आहे, असे आपल्याला वाटते.

पण टक्का कशाचा? शंभर किलो कापसात अकरा किलो पाणी आहे. पाणी भागिले एकूण वजन, म्हणजे अकरा टक्के. कापूस घेतला. आता तेच पाणी भागिले कोरडे वजन करा. अकरा भागिले ८९. उत्तर १२.४ टक्के. कापूस परत. गाडी तीच, कापूस तोच, पाणी तेच. ही माझी कल्पनेची भरारी नाही. कापड गिरणीच्या जगात ओलावा कोरड्या वजनावरच मोजायची रीत आहे. तिला 'रिगेन' म्हणतात आणि कापसाचा प्रमाण रिगेन ८.५ टक्के धरतात. म्हणजे दोन्ही रिती शास्त्रीय आहेत, दोन्हींचे चिन्ह एकच, आणि मीटरच्या काचेवर उमटते ते नुसते टक्क्याचे चिन्ह. कोणी लबाडी करतो, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, मीटर कोणत्या वजनावर टक्का दाखवते आणि ते शेवटचे कधी तपासले, हे विचारायचा हक्क माल विकणाऱ्याला आहे. काट्याचा शिक्का आपण पाहतो. मीटरचा कधी पाहिला?

ज्वारीवाल्यांनी हसू नये. आधारभूत खरेदीत ज्वारीलाही ओलाव्याची मर्यादा आहे, चौदा टक्के. आणि कडब्याकडे पाहा. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ लागते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. त्यासाठी तिला पीपीएम लागले नाहीत. पण आज कोणी त्या चाऱ्यातले विष तपासून आणले आणि चिठ्ठीवर '१५० पीपीएम' आले, तर विचारा, ओल्या चाऱ्यावर की वाळल्या? चाऱ्यात ऐंशी टक्के पाणी असेल, तर ओल्या वजनावरचे १५० हे कोरड्या वजनावर ७५० होतात. गाय दावणीला बांधलेली आहे, आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत.

पुन्हा कापूस. 'मायक्रोनेअर' हा शब्द आता खरेदी केंद्रावरच्या पोरांच्या तोंडीही ऐकू येतो. मूळ अर्थ असा, की धाग्याच्या एक इंच लांबीचे वजन किती मायक्रोग्रॅम. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडून ते काढतात. २९.५ ते ३०.५ मिलिमीटर धाग्याला मायक्रोनेअर ३.५ ते ४.३ हवा. हे परीक्षेचे गुण नव्हेत, की जास्त तेवढे बरे. खाली गेला तर धागा कच्चा समजतात, वर गेला तर जाडा, दोन्हीकडून मार. परतीच्या पावसाने दगा दिला, बोंडे वेळेआधी फुटली की धागा कच्चा राहतो, ते आपल्या हातात नसते. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की हे माप रुईचे आहे. सरकी काढल्यावरचे. आणि बाजार समितीच्या आवारात आपण उभे असतो ते सरकीसकट कापूस घेऊन. तिथे एक माणूस मूठभर कापूस चिमटीत ओढतो, डोळे बारीक करतो आणि प्रत ठरवतो. मुंबईत माटुंग्याला कापूस तपासणीची प्रयोगशाळा १९२४ पासून आहे. शंभर वर्षांत यंत्रे सुधारली, आकडे दशांश चिन्हापुढे गेले. शेतकऱ्यासमोर अजून चिमूटच. मात्र पावती फाडताना त्या चिमटीला प्रयोगशाळेचे नाव.

आता विषाचे बोलतो.

मातीच्या चिठ्ठीवर 'ईसी' म्हणजे विद्युत वाहकता, जमिनीत क्षार किती त्याची खूण. औषधाच्या डब्यावर 'ईसी' म्हणजे पाण्यात दुधासारखे मिसळणारे तेलकट तीव्र द्रावण. अंबरनाथच्या कारखान्यात 'ईसी' म्हणजे पर्यावरण खात्याची परवानगी. दोन अक्षरे, तीन अर्थ, आणि पहिल्या दोन अर्थांचे कागद एकाच शेतकऱ्याच्या एकाच खिशात. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के ईसी, असे डब्यावर लिहिलेले असते. तेलकट म्हणजे कातडीतून आत शिरणारे, हे त्या दोन अक्षरांत दडलेले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. उंच वाढलेली पऱ्हाटी, उघडे अंग, डोक्याच्या वर फवारा. तेव्हा भाषणे झाली ती हातमोजे आणि मुखवट्यांची. डब्यावरची अक्षरे फवारणाऱ्या मजुराला कोणत्या भाषेत सांगितली होती, हे कोणी विचारले नाही.

डब्यावर त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तो ठरतो 'एलडी ५०' या मापाने, म्हणजे शरीराच्या एका किलो वजनाला किती मिलिग्रॅम विष पोटात गेले की तपासणीतली निम्मी जनावरे मरतात. एक ते पन्नास असेल तर लाल. पाच हजारांच्या वर हिरवा. इथे आकडा जितका लहान तितके विष मोठे. आपल्या साऱ्या व्यवहाराच्या उलट. आणि शिफारशीत 'जी ए.आय. प्रति हेक्टर' असे येते, त्यातले ए.आय. म्हणजे डब्यातले मूळ विष, सगळे द्रावण नव्हे. (सध्या गावोगाव ए.आय.ची शेती येणार म्हणून गजर चालला आहे. आधीच्या ए.आय.चा अर्थ सांगून झाला की नव्याकडे वळू.)

त्या संध्याकाळी भाचा मला अंबरनाथचे शिवमंदिर दाखवायला घेऊन गेला. काळ्या दगडाचे, शिलाहारांच्या वेळचे. लोक अजून म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत बांधले. आत शिलालेख आहे. पहिल्यांदा विद्वानांनी तो शके ७८२ असा वाचला, पुढे तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६० ठरला. एक आकडा चुकला की दोनशे वर्षे इकडची तिकडे. देवळाला त्याने काही बिघडत नाही.

देवळाला लागून वालधुनी वाहते. वाहते म्हणायचे. याच वालधुनीत खाली उल्हासनगरला नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून रसायन ओतले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो माणसे दवाखान्यात गेली. तिथल्या रहिवाशांचीही आपल्यासारखीच गत होती. सांडपाण्याचे कागद त्यांच्यापुढे टाकले जात, त्यावर 'बीओडी', 'सीओडी', 'एमजी प्रति लिटर' आणि सोयीच्या जागी 'बीडीएल'. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो ते. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. सीओडीला २५०. आणि बीडीएल म्हणजे 'उपकरणाच्या नजरेखाली'. बीडीएल म्हणजे शून्य नव्हे. ज्या उपकरणाला दहाच्या खालचे दिसतच नाही, त्याला नऊ हे बीडीएल. माझ्या चिठ्ठीवरही 'झिंक – बीडीएल' होते आणि मी तीन हंगाम 'झिंक नाही' असे समजत होतो.

पण तिथे माणसे गप्प बसली नाहीत. २०१३ मध्ये 'वनशक्ती' ही संस्था उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण घेऊन राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. तेच आकडे, तीच अक्षरे, पण आता ती वाचणारी माणसे फिर्यादीच्या बाजूला होती. २०१५ मध्ये लवादाने पालिका, एमआयडीसी आणि सांडपाणी केंद्रे यांच्यावर मिळून ९५ कोटी रुपयांचा दंड ठोकला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नदी स्वच्छ झाली असे मी म्हणणार नाही, माझे नाक अजून शाबूत आहे. पण 'बीओडी जास्त आहे' हे वाक्य नदीकाठच्या माणसाने उच्चारले आणि समोरच्याला उत्तर द्यावे लागले.

आपल्याला सांगितले जाते, ही जागतिक चिन्हे आहेत, मराठीत आणली तर शास्त्र राहणार नाही. चिन्हे बदला असे कोण म्हणतो? शेर, मण, पायली सोडून किलो-क्विंटल शिकायला आपल्या आजोबांना सांगितले १९५८ नंतर, आणि ते शिकले. निरक्षर माणसे शिकली. उलट रुईचा व्यापारी आजही ३५६ किलोच्या खंडीतच भाव बोलतो, त्याला कोणी मागास म्हणत नाही. चिन्ह राहू द्या. त्याच्या शेजारी एकक लिहा, पद्धत लिहा, ओल्या वजनावर की कोरड्या ते लिहा, बीडीएल लिहिले तर किती आकड्याखाली ते लिहा, आणि कागदाच्या पाठीवर मराठीत प्रत्येक संक्षेपाचा अर्थ द्या. पाठ कोरीच असते, शाईचा खर्च मोठा नाही. मातीचे आकडे एकराच्या हिशेबातही द्या. खरेदी केंद्रावर मीटर कशाचा टक्का दाखवते, त्याची पाटी मीटरशेजारी टांगा. हा ठराव जिल्हा मेळाव्यात मांडणार आहोत. तो पास होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. एकक नसलेला कागद हातात आला की त्याच दिवशी प्रयोगशाळेला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्या कागदावर एक थैलीसुद्धा विकत घेऊ नका.

भाचा दोन दिवसांची रजा टाकून मेळाव्याला येणार आहे. मंडपाच्या डाव्या अंगाला सतरंजी टाकून बसेल. येताना मातीची चिठ्ठी, मागच्या हंगामाची कापूस विक्रीची पावती आणि औषधाच्या डब्यावरचा कागद आणा. डबा आणू नका. वाचता येणारी कॉलेजची पोरे-पोरी सोबत आणा, पहिल्या दिवशी तीच लिहून घेतील आणि दुसऱ्या दिवशी भाच्याच्या जागी तीच बसतील. माझ्या 'पी – १८' बद्दल प्रयोगशाळेला रजिस्टर पत्र टाकले आहे. उत्तर आले तर सतरंजीवर ठेवू, नाही आले तर पोस्टाची पावती ठेवू.